अण्णांशी बोलायला सुरुवात कुठून करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहू की नको करत होते. घरातलं आहे, म्हणून धजत नव्हते. पण आता एकटीला सुचेनासं झालंय.

वडील (आम्ही अण्णा म्हणतो) गेल्या मे महिन्यात एसटीच्या आगारातून निवृत्त झाले. मेकॅनिक होते. ३४ वर्षं नोकरी, त्यातली निम्मी रात्रपाळीत. गाव कऱ्हाडजवळ. घरी आई आणि ते, दोघंच. मी पुण्यात, नोकरी आणि दोन लहान मुलं. भाऊ मस्कतला. महिना-दीड महिन्याने माझं जाणं होतं.

दिवाळीत गेले तेव्हा पहिल्यांदा खटकलं. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी बिलं टोचायची तार आहे. लाइटबिल, घरपट्टी, गॅसची पावती, जे भरून होईल ते अण्णा त्या तारेत टोचतात. मार्च संपला की सगळी काढायची, सुतळीने बांधायची, वरच्या कागदावर लाल पेनने साल लिहायचं. मी शाळेत होते तेव्हापासून हे बघतेय. त्या तारेवर सगळ्यात वरचं बिल ऑगस्टचं होतं. पुढची दोन फ्रीजवर, पापडाच्या डब्याखाली, घडीसुद्धा न मोडलेली. पैशांची अडचण नाही. आई म्हणाली, "विसरले असतील, वय झालं आता." पण अण्णा बिल विसरत नाहीत हो. कधीच नाही.

मग एकेक दिसायला लागलं. पहाटे तीनला उठून बसतात, मग झोप नाही. दाढी चार-चार दिवस करत नाहीत. गावातल्या भजनी मंडळात वीस वर्षं पखवाज वाजवायचे, श्रावणापासून गेलेच नाहीत. पखवाज गवसणीत तसाच कोपऱ्यात. जेवण निम्म्यावर आलंय. आणि सारखी पोटाची तक्रार, जळजळ, छातीत गच्च वाटणं. ईसीजी झाला, एन्डोस्कोपी झाली, सोनोग्राफी झाली. काही निघालं नाही. "ॲसिडिटी आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणून गोळ्या दिल्या. ते शब्द अण्णांना फार लागले. "म्हणजे मी सोंग करतो का?" असं आईला म्हणाले.

माझ्याकडूनही चुका झाल्या, त्याही सांगते. नोव्हेंबरात फोनवर मी म्हणाले, "अण्णा, तुम्हाला काय कमी आहे? घर आहे, आम्ही मार्गी लागलो. जरा पॉझिटिव्ह राहा, फिरायला जात जा." ते "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. जानेवारीत मी सरळच म्हणाले की मानसोपचारतज्ज्ञाला दाखवू या. त्यावर, "मला येड्यात काढायला निघालीस का?" त्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आणि आता जे झालं त्याने मी हादरले आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी एफडीच्या पावत्या आणि घराचे कागद काढून आईला दाखवले, "कुठं काय आहे बघून ठेव" म्हणाले. मी निघताना मला म्हणाले, "आता माझा कुणाला काय उपयोग?"

हे निवृत्तीनंतरचं रिकामपण आहे की नैराश्य? त्यांना न दुखावता विषय कसा काढू? आणि सगळ्यात अवघड: त्यांच्या मनात जिवाचं काही वाईट येतं का, हे विचारावं का? आई म्हणते, विचारूच नकोस, नसलेलं डोक्यात येईल. तिला रेकॉर्डचीही भीती वाटते, गावात कळेल याचीही. कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया लिहा.

– तगर

---

निशिगंध:

तगर, मी मनोविकारतज्ज्ञ आहे. रुग्णाला न बघता निदान करणार नाही, पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थांबवून ठेवण्यासारखं नाही.

विचारा. स्पष्ट विचारा. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येतो हा फार जुना आणि फार घातक गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. ज्याच्या मनात तो विचार असतो तो माणूस बहुतेक वेळा तो एकटाच वागवत असतो, कुणी विचारलं की त्याला हलकं वाटतं. आडवळणाने "तसलं काही मनात नाही ना?" असं विचारू नका. त्या "नाही ना" मध्येच उत्तर भरून दिलेलं असतं. "अण्णा, जगणं नको वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?" या शब्दांत विचारा. "हो" म्हणाले तर रडारड नको, शपथा नकोत. कधीपासून, काही ठरवलंय का, एवढं शांतपणे विचारा. ठरवलंय म्हणाले तर त्यांना एकटं न ठेवता त्याच दिवशी दवाखान्यात न्या. कागदपत्रं दाखवून ठेवणं, "माझा काय उपयोग" हे दोन्ही मी गंभीर समजते. म्हणून येत्या शनिवारची वाट न बघता आजच आईंना सांगा: फवारणीची औषधं, झोपेच्या किंवा जास्तीच्या गोळ्या घरात असतील तर कुलूप लावा, किल्ली स्वतःकडे ठेवा.

१४४१६ हा टेली-मानसचा नंबर लिहून ठेवा. मानसिक त्रासासाठी केंद्र सरकारची फोनसेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. रुग्णानेच फोन करायला हवा असं नाही, घरच्यांनी करून कसं बोलावं हे विचारलं तरी चालतं. तुम्ही स्वतः आज रात्री करा.

आता नैराश्य की रिकामपण. रिकामपणात माणूस नातवंडं आली की खुलतो, आवडीचं काम दिसलं की हात घालतो. नैराश्यात आवडीचंच आधी सुटतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळपास रोज, मन उदास किंवा कशात रस नाही, त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, निरुपयोगी वाटणं हे असेल तर तपासून घ्यायलाच हवं. नेहमीपेक्षा फार लवकर जाग येणं आणि सकाळी सगळ्यात जड वाटणं हे आम्ही मुद्दाम विचारतो. पुरुष "उदास आहे" असं क्वचित म्हणतात. पोट, छाती, डोकं यांतून सांगतात किंवा चिडतात. आणि ते सोंग नसतं. त्यांचं पोट खरंच जळतं, छाती खरंच गच्च होते.

थायरॉइड, बी-१२, साखर, हिमोग्लोबिन तपासलंय का? नसेल तर करा. थायरॉइड कमी असलं तरी असंच चित्र दिसू शकतं. त्याचा दुसराही उपयोग आहे, "रक्त तपासायला जाऊ या" याला अण्णा नाही म्हणणार नाहीत.

---

माळरान:

तगरताई, मी ६३ वर्षांचा. बँकेत होतो. चार वर्षांपूर्वी मी तुमच्या अण्णांच्या जागी होतो, म्हणून आतल्या बाजूने लिहितो.

"काय झालंय तुम्हाला?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काही झालेलंच नव्हतं! कुणी गेलं नव्हतं, पैसे बुडाले नव्हते. त्यामुळे प्रश्न ऐकला की मला अपराधी वाटायचं. आणि "तुम्हाला काय कमी आहे" ऐकलं की त्याहून जास्त, कारण खरंच काही कमी नव्हतं आणि तरी सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकणं जमत नव्हतं. तुम्ही ते वाक्य बोललात म्हणून स्वतःला दोष देऊ नका, माझ्या घरी सगळेच बोलले होते.

मला बोलतं केलं माझ्या मुलाने. ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. समोरासमोर नाही, शेजारी. दोघांचे हात कामात, नजर शेंगांवर. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही महिनाभर पेपर उघडला नाही. रबरबँड लावलेलेच पेपर रद्दीत गेले." एवढंच. सल्ला नाही, प्रश्नही नाही. मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही. बराच वेळ शेंगा फुटत होत्या. मग मीच म्हणालो, "वाचलेलं डोक्यात राहत नाही रे."

ती जी शांतता होती ना, ती त्याने मोडली असती तर मी पुन्हा आत गेलो असतो. तुमच्याकडे बिलांची तार आहे. तिथून सुरुवात करा. जे डोळ्यांनी दिसलं ते सांगायचं आणि थांबायचं.

गोळ्यांबद्दल: पहिले दोन-तीन आठवडे मला काहीच फरक वाटला नाही, उलट मळमळ झाली. मी सोडणारच होतो. ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आणि बरं वाटायला लागल्यावर स्वतःच्या मनाने बंदही केल्या एकदा. परत खाली गेलो. पुढच्या वेळी डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या.

---

टाळचिपळी:

माझं मत वेगळं आहे. ही डॉक्टरांची औषधं एकदा लागली की सुटत नाहीत. माणूस कामात गुंतला की आपोआप बरा होतो. हरिपाठ सुरू करा, पंढरीला घेऊन जा.

---

निशिगंध:

टाळचिपळी, तुम्ही कळकळीनेच लिहिलंय हे जाणवतं. पण नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. अचानक बंद केल्या तर त्रास होऊ शकतो म्हणून त्या हळूहळू कमी करतात, ही वेगळी गोष्ट. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, लोक दोन्हींची गल्लत करतात. आणि वीस वर्षं पखवाज वाजवलेल्या माणसाला भजन करा हे सांगायला नको. त्याला ते करावंसं वाटेनासं झालंय, हेच तर लक्षण आहे. भजन हवंच, उपचारांच्या जोडीने.

---

पांदण:

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात आशा (आरोग्य सेविका) आहे. आमच्याकडे शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सरकारचा प्रेरणा प्रकल्प आला, विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत. आम्ही घरोघरी जाऊन प्रश्न विचारायचो. पहिल्यांदा फार भीती वाटायची, कसं विचारू, बाहेर काढतील म्हणून.

दारात उभं राहून "मानसिक" हा शब्द मी कधीच काढत नाही. "काका, झोप लागते का रात्री?" इथून सुरू करते. झोपेचं विचारलं की कुणाला राग येत नाही. मग भूक. मग "पहिल्यासारखं मन लागतं का शेतात?" हे विचारलं की पुष्कळ जण तिथेच गप्प होतात. बायामाणसं तर झोपेचं विचारल्याबरोबर रडतात कधी कधी, कारण त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

एका घरी मी सगळं काकांना विचारत होते आणि काकू मागे तांदूळ निवडत होत्या. निवडून झालेलं सूप परत परत निवडत होत्या. माझ्या ते नंतर लक्षात आलं. तुमच्या आईकडेही बघा.

तुमच्या सोयीचं सांगते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणून सरकारी योजना आहे, तिचं पथक जिल्हा रुग्णालयात असतं आणि ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणीही येतं. कोणता वार ते तुमच्या गावच्या आशाताईंना विचारा. पाटी वेगळी नाही, गर्दी वेगळी नाही, इतरांसारखाच केसपेपर काढायचा. वेड्यांच्या इस्पितळात नेतील ही भीती लोकांच्या मनात फार असते. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथे मोठी मनोरुग्णालयं आहेत, पण अशा त्रासाची बहुतेक माणसं घरी राहूनच गोळ्या आणि समुपदेशन घेतात.

---

सनदशीर:

आईंच्या "रेकॉर्ड"च्या भीतीबद्दल थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे (कलम २३). अण्णांच्या परवानगीवाचून ती गावात, नात्यात जाऊ नये असाच कायदा आहे. याच कायद्याच्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून नव्हे, तर तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून बघायचं ठरवलं. मनातलं बोललं म्हणून पोलीस दारात येतील, ही भीती आईंनी काढून टाकावी.

आणि हा त्रास एकट्या तुमच्या घरचा नाही, हेही त्यांना सांगा. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या दर १०० जणांपैकी ८० हून जास्त जणांपर्यंत उपचारच पोचलेले नव्हते. अण्णांसारखी माणसं प्रत्येक आळीत आहेत, फक्त कुणी बोलत नाही.

---

तगर:

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहितेय, रागावू नका.

निशिगंध, तुमचं वाचून त्याच रात्री १४४१६ ला फोन केला. पलीकडच्या बाईंनी अर्धा तास ऐकून घेतलं. आईने गोठ्याच्या माळ्यावरचं औषध कुलपात टाकलं. ती आधी तयार नव्हती. मी म्हणाले, "आई, माझ्यासाठी टाक," तेव्हा टाकलं.

मी सुट्टी काढून दुसऱ्याच दिवशी गेले. सकाळी अण्णा स्वयंपाकघरात खुर्चीत बसले होते, मी त्यांच्या शेजारी पालक निवडायला बसले. म्हणाले, "अण्णा, तारेवर ऑगस्टनंतर बिल नाही." आणि गप्प बसले. माळरान काका, तुमचं वाक्य डोक्यात घोळत होतं, म्हणून गप्प बसता आलं. नाहीतर मी लगेच पुढचं बोलले असते. सगळी जुडी निवडून झाली, मी दुसरी सोडली.

मग अण्णा तारेकडे बघत म्हणाले, "तीनला जाग येती. गाडीखाली काम करताना जॅक सुटावा आन् गाडी अंगावर उतरावी, तसं व्हतं छातीवर. उजाडेस्तोवर."

आयुष्यभर गाडीखाली झोपून काम केलेल्या माणसाने हे सांगितलं. मला दुसरं काही सुचलं नाही, मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आणि मग विचारलं. तुम्ही सांगितलेत तेच शब्द. माझा आवाज कापत होता. ते म्हणाले, "झोपेतच गेलो तर बरं, असं येतं मनात. स्वतःहून काय करायचं असं न्हाई ठरवलेलं." थोड्या वेळाने म्हणाले, "तुला भ्या वाटलं असंल." मी हो म्हणाले.

त्या दिवशी "रक्त तपासायला" म्हणूनच निघालो. वाटेत मी सांगून टाकलं की झोपेच्या आणि छातीच्या त्रासासाठी मनोविकारतज्ज्ञांनाही भेटायचंय, फसवून नेणं मला जमलं नसतं. ते काही बोलले नाहीत, पण गाडीतून उतरले. डॉक्टरांनी त्यांच्याशी एकट्याशी चाळीस मिनिटं बोलून घेतलं. नैराश्यच आहे. गोळ्या सुरू झाल्या, थायरॉइडही थोडं वर-खाली निघालं, त्याचीही गोळी आहे. दर आठवड्याला दाखवायचंय. सहाव्या दिवशी अण्णा म्हणाले, "काय फरक न्हाई." मी माळरान काकांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. शेंगांचं ऐकताना त्यांनी मान वर केली. "हे कोण?" म्हणाले. "बँकेतले आहेत," मी म्हणाले.

टाळचिपळी, पखवाज अजून गवसणीतच आहे. पण मंडळातले त्यांचे मित्र परवा येऊन गेले. भजनाला चला म्हणाले नाहीत, ओट्यावर बसून चहा घेतला आणि गेले. उद्या परत येणार आहेत.

आता दुसरी मदत हवी आहे. पांदण ताई, तुम्ही आईकडे बघा म्हणालात. बघितलं. ती शेजारच्यांना अजून "पोटाच्या डॉक्टरकडे नेलं" असंच सांगते, ते मी समजू शकते. पण अण्णांना जाग आली की तीही उठते, आणि अण्णा हलले नाहीत तरी उठून त्यांचा श्वास बघते. पाच महिने. काल मी विचारलं, "आई, तुला झोप लागते का गं?" तर "माझं काय घेऊन बसलीस" म्हणून भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

मी परवा पुण्याला परत जातेय. आईशी कुठून सुरुवात करू?